गोव्याच्या रस्त्यांवर स्पोर्ट्‌स सेडान: व्हर्टस, स्लाव्हिया, व्हर्ना आणि सिटी

पंधरा ते वीस लाखांच्या आसपास चालवायला मजा येईल अशी पेट्रोल सेडान घ्यायची असे ठरवले, तर गोव्यातल्या गिऱ्हाइकासमोर आज जेमतेम चार नावे उरतात: फोक्सवॅगन व्हर्टस, स्कोडा स्लाव्हिया, ह्युंदाई व्हर्ना आणि होंडा सिटी. मारुतीची सियाझ २०२५ मध्ये बंद झाली, आणि व्हर्ना व सिटी यांची डिझेल इंजिने त्याआधीच, २०२३ मध्ये गेली. त्यामुळे पूर्वी पेट्रोल की डिझेल या प्रश्नावर जे महिने जात, ते आता वाचतात. उरलेल्या चौघींची तुलना मात्र बहुतेक जण अश्वशक्ती, शंभरचा वेग गाठायला लागणारे सेकंद आणि पडद्याचा आकार यांवरच करतात. माझे मत असे आहे की डिचोली, फोंडा, पेडणे किंवा सासष्टीत राहणाऱ्या माणसाने हे आकडे शेवटी पाहावेत आणि गाडी पोटाखाली, चाकांपाशी आणि गिअरबॉक्सच्या आत कशी आहे ते आधी पाहावे, कारण या राज्यात गाडीचा कस महामार्गावर फारसा लागत नाही. तो चिऱ्यांच्या गडग्यांमधून जाणाऱ्या अरुंद वाटांवर, रंग उडालेल्या गतिरोधकांवर आणि जूनच्या पहिल्या सरीनंतर तेलकट झालेल्या डांबरावर लागतो.

तरीही इंजिनांविषयी थोडे सांगावेच लागेल. व्हर्टस जीटी आणि स्लाव्हियाची वरची आवृत्ती या दोघींत एकच १.५ लिटरचे टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, इंजिन आहे. ते १५० पीएस (अश्वशक्तीचेच मेट्रिक माप) शक्ती आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, देते, आणि भार कमी असताना चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद ठेवून पेट्रोल वाचवते. व्हर्नाचे १.५ लिटर टर्बो इंजिन १६० पीएस आणि २५३ न्यूटन-मीटरचे आहे. कागदावर हा दहाचा फरक मोठा वाटतो, पण झुआरीच्या नव्या पुलावर दोन्ही गाड्या सोडून पाहिल्या, तर त्यांच्यातले अंतर चालकापेक्षा विक्रेत्याच्याच अधिक लक्षात येते. खरा फरक स्वभावाचा आहे. व्हर्नाचा टर्बो लवकर आणि जोरात उठतो, आणि ओल्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पाय जरा जड पडला, की पुढची चाके पकड सोडून फिरतात आणि स्टिअरिंग हातात किंचित ओढल्यासारखे वाटते; टीएसआयची शक्ती अधिक सलग येते आणि तिसऱ्या गिअरमध्ये कोणतीही घाई न करता ट्रक मागे टाकता येतो. सिटीचे साधे १.५ लिटर इंजिन १२१ पीएसचे असले, तरी त्याचा टॉर्क १४५ न्यूटन-मीटरच आहे आणि तोही इंजिनाच्या मिनिटाला ४,३०० फेऱ्यांवर मिळतो. ज्याला इंजिन वरपर्यंत फिरवून त्याचा आवाज ऐकायला आवडतो त्याने ते मॅन्युअलमध्ये घ्यावे. टर्बोच्या धक्क्याची ज्याला सवय झाली आहे, त्याला ते चढावर कोरडे वाटेल.

सर्वांत जास्त विचार गिअरबॉक्सचा करावा असे मला वाटते, आणि शोरूममध्ये सर्वांत कमी बोलले जाते तेही त्याच्याविषयीच. १.५ टीएसआयबरोबर येणारा सात गतींचा डीएसजी आणि व्हर्ना टर्बोबरोबरचा सात गतींचा डीसीटी हे दोन्ही कोरड्या दुहेरी क्लचचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहेत. मोकळ्या रस्त्यावर त्यांची तोड नाही. एक गिअर चालू असताना पुढचा तयार असल्यामुळे बदल जाणवतही नाही. पण कोरडा क्लच थंड करायला तेल नसते, आणि गाडी रांगत असते तेव्हा तो क्लच अर्धवट टेकलेला राहून घासत व तापत असतो. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामामुळे होणारी कोंडी, पर्यटनाच्या मोसमात कळंगुटकडे जाणाऱ्या रस्त्यावरची संध्याकाळ, किंवा चोर्ला घाटाच्या चढावर बंद पडलेल्या ट्रकमागे लागलेली रांग, या तिन्ही ठिकाणी त्या गिअरबॉक्सला नको असते नेमके तेच घडते. असे म्हणून तो घेऊच नये असे नाही, पण तो चालवण्याची पद्धत वेगळी आहे: पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकू नये, जागा होऊ द्यावी आणि मग एकदाच पुढे जावे, चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून न धरता ब्रेकवर धरावी. हे पथ्य आपल्याच्याने होणार नाही असे वाटणाऱ्याने स्लाव्हिया किंवा व्हर्टसचे १.० लिटर इंजिन सहा गतींच्या टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकसह घ्यावे, ज्यात शक्ती घासणाऱ्या क्लचऐवजी तेलातून जाते. शक्ती ११५ पीएस आणि टॉर्क १७८ न्यूटन-मीटर, म्हणजे छातीत धडकी भरावी असे काही नाही. पण म्हापसा ते पणजी रोज जाणाऱ्याला त्याहून जास्त वापरता तरी कुठे येते?

माझी स्वतःची निवड विचाराल, तर ती १.५ टीएसआय मॅन्युअलमध्ये व्हर्टस ही आहे, जिथे ती मिळत असेल तिथे. कंपन्या व्हेरिएंट वारंवार बदलतात आणि मॅन्युअल आवृत्त्यांवर आधी कुऱ्हाड पडते, म्हणून बुकिंगच्या दिवशी काय उपलब्ध आहे ते लेखी विचारावे. क्लच हलका नाही, दुसऱ्या गिअरमध्ये फार हळू आल्यास इंजिन थोडे कुरकुरते, पण साखळीहून केरीमार्गे चोर्ला चढताना दुसऱ्या-तिसऱ्यात ही गाडी जशी वळणावर बसते, तशी या किमतीत दुसरी बसत नाही.

आता खालच्या भागाकडे वळू. चारही गाड्यांच्या सस्पेन्शनला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे दोन्ही चाके जोडणारा टॉर्शन बीम आहे. म्हणजे ‘स्पोर्ट्‌स’ हा शब्द कितीही मोठ्या अक्षरांत लिहिला, तरी मागच्या धुऱ्याची रचना साध्या कौटुंबिक गाडीचीच आहे, आणि फरक पडतो तो स्प्रिंग व डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) कसे जुळवले आहेत त्याने. व्हर्टस आणि स्लाव्हिया यांनी भारतासाठी गाडी उंच ठेवली, रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटाची उंची, १७९ मिलिमीटर आहे, आणि तरीही वळणावर त्या डोलत नाहीत. हळू वेगात खड्ड्याचा ठोका आत येतो, परंतु वेग वाढला की गाडी रस्त्यावर बसते. व्हर्ना गावातल्या रस्त्यावर अधिक मऊ आहे, पण महामार्गावर लागोपाठ लाटा आल्या की मागचा भाग एकदा जास्त वरखाली होतो. सिटी या दोन टोकांच्या मधे आहे आणि तिचे टायर १८५ मिलिमीटर रुंदीचे, बाकीच्यांचे २०५; पकडीत हा दोन सेंटिमीटरचा फरक कमी नसतो.

सेडान गोव्यात चालेल का, याची माझ्या माहितीतली सर्वांत निर्दय परीक्षा जुन्या धर्तीच्या फेरीबोटीवर होते. रायबंदर-चोडण मार्गावर २०२५ पासून रो-रो बोटी आल्या आणि तिथला त्रास बराच कमी झाला, परंतु इतर अनेक धक्क्यांवर जुन्याच बोटी आहेत. ओहोटीच्या वेळी पाणी खाली गेलेले असते, बोटीची लोखंडी फळी धक्क्याच्या उतारावर टेकते आणि त्या दोन उतारांच्या सांध्यात जो कोन तयार होतो, तिथे आधी पुढच्या बंपरची खालची काळी कड खरडते. ती वाचली तर पुढची चाके फळीवर चढल्यावर पोट टेकते. गाडीत चालक एकटा असेल तर बहुतेक वेळा निभावते. मागे तीन माणसे आणि डिकीत सामान असेल, तर तीच गाडी काही सेंटिमीटर खाली बसलेली असते आणि मग बोटीवरचा कर्मचारी हात हलवून गाडी तिरकी घ्यायला सांगतो, म्हणजे एका वेळी एकच चाक कोनावर येते. गतिरोधकांचेही गणित हेच आहे. म्हणून माहितीपत्रकातला १७९ किंवा तत्सम आकडा रिकाम्या गाडीचा आहे हे विसरू नये, आणि पुढे लांब नाक असलेल्या गाडीत तर ग्राउंड क्लिअरन्सइतकेच महत्त्व बंपर आणि चाक यांच्यातल्या अंतराला द्यावे.

ब्रेकच्या बाबतीत व्हर्ना टर्बो उघड पुढे आहे. तिला चारही चाकांना डिस्क आहेत. व्हर्टस आणि स्लाव्हियाला मागे ड्रम, साध्या सिटीलाही ड्रम, आणि पेट्रोल इंजिनाच्या जोडीला वीजमोटर असलेल्या सिटी हायब्रिडला डिस्क. व्हर्टस जीटीच्या पुढच्या कॅलिपरला लाल रंग दिला आहे, मागे पाहिले तर काळा ड्रम. हा विरोधाभास मला प्रत्येक वेळी गमतीदार वाटतो. रोजच्या वापरात ड्रमने काही बिघडत नाही, एवढ्या वजनाच्या गाडीला थांबवण्याचे मुख्य काम पुढचीच चाके करतात. फक्त अनमोड घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवण्याऐवजी गिअर खाली घ्यावा, म्हणजे इंजिनच गाडी रोखते. डिस्क असलेल्या व्हर्नातही हाच नियम पाळावा.

सुरक्षिततेत व्हर्टस, स्लाव्हिया आणि व्हर्ना या तिघींना गाड्यांच्या धडक चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने २०२३ मध्ये पाच तारे दिले. तारे सारखे असले, तरी अहवालातली एक ओळ वाचण्यासारखी आहे: व्हर्टस आणि स्लाव्हियाचा सांगाडा स्थिर ठरला, व्हर्नाचा अस्थिर. उलट चालकाला मदत करणारी एडास यंत्रणा व्हर्नात आहे आणि सिटीत आहे. आज मिळणाऱ्या व्हर्टस-स्लाव्हियात ती नाही. व्हर्नाच्या यंत्रणेला कॅमेऱ्याच्या जोडीला रडार आहे, सिटीची फक्त काचेमागच्या कॅमेऱ्यावर चालते, आणि आपल्याकडे जुलैच्या पावसात, जिथे माणसाच्याच डोळ्यांना पुढचे दिसत नाही, तिथे कॅमेऱ्याने हात टेकले तर त्याला दोष देता येत नाही. कोरड्या दिवसांतही अचानक आडवी घातलेली स्कूटर, रस्त्यातच बसलेली गुरे आणि काळ्या पाटीच्या भाड्याच्या जीपगाड्या यांच्यामुळे ती यंत्रणा सारखी पिपाणी वाजवते. मोपा विमानतळाच्या जोडरस्त्यावर मात्र, जिथे रस्ता रुंद, पट्टे स्पष्ट आणि गर्दी कमी, तिथे ठरावीक अंतर राखून चालणारे क्रूझ कंट्रोल खरोखर सुखाचे आहे. केवळ त्या सुखासाठी व्हर्ना घ्यावी का? मी घेणार नाही. पण ज्यांना दर आठवड्याला पुणे किंवा बंगळूरला जावे लागते त्यांचा निर्णय वेगळा असू शकतो.

आत बसल्यावर जे दिसते त्याविषयी थोडक्यात. व्हर्नात एसी आणि गाण्यांची बटणे एकाच स्पर्शपट्टीवर आलटून-पालटून येतात, व्हर्टस-स्लाव्हियातही एसीला बोट घासायची पट्टीच आहे, आणि घामेजलेल्या बोटाने ती चालवताना रस्त्यावरची नजर हटते. सिटीत अजून फिरवायची गोल बटणे आहेत आणि हा तिचा मला वाटणारा मोठा गुण आहे. व्हर्नाच्या वरच्या आवृत्तीत पुढच्या आसनांना थंड हवा आहे, त्याचबरोबर आसन गरम करण्याचीही सोय आहे. ती गोव्यातल्या मालकाने कधी वापरली असेल तर मला जाणून घ्यायला आवडेल.

मागच्या आसनाचा निकाल घरातल्या ज्येष्ठांवर सोडावा. व्हर्नाचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर, सर्वांत लांब, २,६७० मिलिमीटर, आणि पाय पसरायला जागा भरपूर आहे. पण उतरते छत उंच माणसाच्या डोक्याला लागण्याच्या बेतात असते आणि आत शिरताना मान वाकवावी लागते. सिटीत जागा कमी लिहिलेली असली, तरी आसनाचा कोन असा आहे की आईला गुडघ्यांवर जोर न देता बसता-उठता येते. व्हर्टस आणि स्लाव्हियात मागे दोघेच सुखाने बसतात, तिसऱ्याच्या पायांत मधला उंचवटा येतो. डिकी सगळ्यांचीच मोठी आहे: व्हर्टस-स्लाव्हिया ५२१ लिटर, व्हर्ना ५२८, सिटी ५०६. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचे) सामान, नारळ, दोन-चार पिशव्या भाजी आणि मुलांचे फटाके एकाच फेरीत घरी आणायचे असतात तेव्हा हे आकडे पहिल्यांदा खरे वाटू लागतात. याला एकच अपवाद, आणि तो मोठा आहे: सिटीची हायब्रिड आवृत्ती. तिच्यात बॅटरीने डिकी खाऊन ३०६ लिटरवर आणली आहे.

तरीही हायब्रिड सिटी अशीच बाजूला सारू नये. ती स्पोर्ट्‌स सेडान नाही असे म्हणणारे बरोबर आहेत, पण तिची मोटर २५३ न्यूटन-मीटर टॉर्क थेट देते, हळू वेगात इंजिन बहुतेक बंदच असते, आणि ज्या कोंडीत कोरडा क्लच तापतो त्याच कोंडीत ही गाडी शांतपणे पुढे सरकते. प्रमाणित मायलेज लिटरला २७.१३ किलोमीटर आहे. व्हर्ना टर्बो डीसीटीचे २०.६. प्रत्यक्षात दोन्ही आकडे खाली येतात, आणि वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सगळीकडे आल्यापासून ते आणखी थोडे खाली आले, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाच कमी असते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या या इंधनासाठी बनवलेल्या आहेत. जुनी टर्बो सेडान वापरलेली घेणाऱ्याने मात्र कंपनीचे म्हणणे तपासून घ्यावे.

कराविषयी एक गैरसमज वारंवार कानावर येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांचा जीएसटी १८ टक्के झाला म्हणून एक लिटर इंजिनाची स्लाव्हियाही त्यात बसेल असे अनेकांना वाटले. ती बसत नाही, कारण इंजिन लहान असून चालत नाही, पेट्रोल गाडीची लांबीही चार मीटरच्या आत लागते. या चारही सेडान ४० टक्क्यांत आहेत. फक्त वरचा उपकर गेल्यामुळे दर पूर्वीपेक्षा उतरले. बेळगावात किंवा कोल्हापुरात सवलत जास्त मिळते म्हणून तिकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की रस्ता कर जिथे नोंदणी होते त्या राज्याचा लागतो, विक्री कुठे झाली त्याला महत्त्व नाही.

या किमतीच्या वर गेलात तर चित्र पालटते. स्कोडाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ऑक्टाव्हिया आरएस पुन्हा आणली, २६५ पीएस, ३७० न्यूटन-मीटर, शंभरचा वेग ६.४ सेकंदांत, शोरूम किंमत ४९.९९ लाख, आणि संपूर्ण देशासाठी फक्त १०० गाड्या. २००४ मध्ये याच नावाची पहिली टर्बो पेट्रोल आरएस भारतात आली तेव्हा १५० अश्वशक्तीला लोक डोळे विस्फारत, हे आठवले की काळ किती धावला ते कळते. बीएमडब्ल्यूची एम३४०आय त्याहून पुढची: सहा सिलिंडरचे तीन लिटर इंजिन, ३७४ अश्वशक्ती, चारही चाकांना शक्ती, शंभर ४.४ सेकंदांत, आणि जुळणी चेन्नईत. दोन्ही गाड्या चालवायला अप्रतिम आहेत आणि गोव्यात दोन्हींची पंचाईत एकाच ठिकाणी होते, ती म्हणजे टायर. ऑक्टाव्हियाला १९ इंची चाकांवर कागदासारखे पातळ टायर आहेत, आणि बीएमडब्ल्यूला रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे, ज्यांच्या कडक बाजू खड्ड्याचा प्रत्येक ठोका मणक्यापर्यंत पोहोचवतात. रात्री वाळपईच्या वाटेवर अशा टायरची बाजू फाटली, तर जवळच्या टायरवाल्याकडे तो आकार सापडण्याची आशा धरू नये. पाऊण कोटीची गाडी खड्डे पाहत वीसच्या वेगाने चालवायची असेल, तर व्हर्टस तेच काम हसत करते.

एक गोष्ट शोरूमच्या दारात ठामपणे सांगावी लागते: चाचणी फेरी महामार्गाच्या सपाट पट्ट्यावर जाऊन परत येण्याची नको. एका विक्रेत्याने मला विम्याचे कारण सांगून घराकडच्या वाटेवर गाडी आणायला नकार दिला, तेव्हा मी दुसऱ्या शोरूममध्ये गेलो आणि तिथे ती अडचण निघाली नाही. चार प्रौढ माणसे बसवून फर्मागुढीसारख्या चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करावी, आपल्या वाड्यातला गतिरोधक ओलांडावा, गडग्याला लागून एकदा उलटी घ्यावी, आणि तेव्हा जे जाणवेल ते परीक्षणांपेक्षा, या परीक्षणापेक्षाही, अधिक विश्वसनीय मानावे. गाडी ठरल्यावर ताबा घेण्याआधी चासी क्रमांकावरून निर्मितीचा महिना विचारून घ्यावा, कारण डिसेंबरात बनलेली गाडी फेब्रुवारीत घेतली तरी पुनर्विक्रीत ती आदल्या वर्षाचीच मोजली जाते. टायरच्या बाजूवर कोरलेले चार अंक, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, पाचव्या टायरसह सगळ्यांवर जुळतात का ते वाकून पाहावे. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी खालच्या भागाचे गंजरोधक लेपन पावसाळ्याआधी करून घ्यावे, पण ते करताना वॉरंटीला बाधा येत नाही असे सेवा केंद्राकडून लिहून घ्यावे.